गुड मॉर्निंग मुंबई, ऐकतेय डोंबिवली!

'गुड मॉऽऽर्निंग मुंबई!' सकाळी साडेसातला आरजे असा ओरडतो ना, तेव्हा त्याचे कितीतरी श्रोते मुंबईत नसतातच. कुणी कोपरच्या प्लॅटफॉर्मवर उभं असतं, कुणी घोडबंदर रोडवर तीन हात नाक्याच्या दिशेने इंचाइंचाने सरकत असतं, कुणी डोंबिवलीत रिक्षाच्या लायनीत. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. दोन्ही मिळून तीस लाखांच्या वर. पण खासगी एफएमचे लिलाव झाले ते 'मुंबई' या एकाच नावाने. त्यामुळे रेडिओवर आपलं नाव येतं ते दोनदाच. रविवारी मेगाब्लॉक असला की आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की!

असो. ट्रॅफिक हा आजचा विषय नाही. जुन्या गाण्यांचं रेडिओ स्टेशन नावाची जी एक चीज आहे, ती आपल्या या पट्ट्यात अजून कोण ऐकतं आणि तिचं नक्की काय चाललंय, हे शोधायला मी एका रविवारी बाहेर पडले. सोबत सोसायटीतल्या एका काकांचा ट्रान्झिस्टर. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला, मागच्या झाकणाला रबर बँड लावलेला. रूट सिंपल होता: ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण.

सकाळची तलावपाळी ही ठाण्याची सगळ्यात सही जागा. जॉगिंगवाले, भेळवाल्यांच्या बंद गाड्या, मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन आणि बाकांवर ज्येष्ठ मंडळी. त्यातल्या एका आजोबांच्या कापडी पिशवीतून गाणं येत होतं. पिशवी बोलतेय असंच वाटत होतं. माझ्या हातातला ट्रान्झिस्टर बघून त्यांनीच विचारलं, "काय गं, आता तुम्ही मुलंही हे घेऊन फिरता का?"

पुढचा पाऊण तास मला इतिहासाचा तास मिळाला, आणि खरं सांगते, कॉलेजात मास कॉमच्या लेक्चरला मिळाला नव्हता इतका मजेदार. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत त्यांना बिलकुल पसंत नव्हतं, शास्त्रीय संगीताने जनतेचे कान तयार व्हावेत असा त्यांचा आग्रह. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. जनतेने काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सिलोनवरून सुरू झाली आणि देशभरातली गर्दी तिकडे गेली. सिलोनवर सकाळी जुन्या सिनेमांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि आठच्या ठोक्याआधीचं शेवटचं गाणं सैगलचं असायचं. आजोबा म्हणाले, "सैगल सुरू झाला की बूट चढवायचे. तो संपेस्तोवर घर सोडलं नाही तर गाडी गेली." मोबाइलमधला अलार्म बिचारा काय सांगणार!

सरकारला शहाणपण आलं ते ३ ऑक्टोबर १९५७ला. त्या दिवशी विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मांनी तिची आखणी केली. पहिलं गाणंही त्यांचंच, संगीत अनिल विश्वासांचं, आवाज मन्ना डेंचा. म्हणजे ज्या वाहिनीला आज आपण 'आजी-आजोबांचं स्टेशन' म्हणतो ती जन्माला आली स्पर्धेत मार खाल्ल्यावर, तरुण श्रोते परत खेचायला! तेव्हा ती बहुतेक चालू जमान्याचीच गाणी लावायची. पुढे १९६७मध्ये मुंबई-पुणे-नागपूरपासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, पैसाही आला. वाहिनी जागच्या जागी उभी राहिली आणि गाणी हळूहळू म्हातारी झाली, असंच काहीतरी झालं.

आजोबांनी मग मराठीकडे गाडी वळवली. मुंबई केंद्रावरची 'आपली आवड', तिच्यात आपलं नाव लागावं म्हणून टाकलेली पोस्टकार्डं, आणि पी. सावळाराम. तुम्हाला माहीत होतं का, की लता मंगेशकर आणि वसंत प्रभू यांच्यासोबत ज्यांची भावगीतं घराघरात वाजली ते सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्षही होते? मला माहीत नव्हतं. जनकवी पी. सावळाराम यांच्या नावाचा पुरस्कार महापालिका देते, त्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पण ज्याची गाणी सकाळी रेडिओवर लागतात तोच माणूस नंतर नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारी ऐकतोय, हे चित्र मला भन्नाट वाटलं. आपल्या शहराचं आणि रेडिओचं नातं तेव्हा असं सरळ होतं. आता रेडिओला आपलं शहर दिसतं ते ट्रॅफिक अपडेटमध्ये.

निघताना मी विचारलं, "आजोबा, फोनवर ऐकत नाही का? ॲप आहे की." ते म्हणाले, "नातवाने घालून दिलंय. पण त्याला आधी पासवर्ड लागतो, मग नेट लागतं, मग चष्मा लागतो. याला फक्त बोट लागतं."

ठाण्याहून स्लो पकडली. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, त्यामुळे गाडीही निवांत आणि मीही. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून याच ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून या पट्ट्याचं घड्याळ रेल्वेच्या हातात आहे. मुंब्य्राजवळ एका बाजूला खाडी, एका बाजूला डोंगर. ट्रान्झिस्टरवर एफएम होतं, ते इथे धापा टाकायला लागलं. कारण साधं आहे. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांब, ती साधारण नजरेच्या रेषेत जाते आणि डोंगर आला की बिचकते. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब. मुंबईत विविध भारती बरीच वर्षं ज्या ११८८ किलोहर्ट्झवर लागायची तिची लांबी होती सुमारे २५२ मीटर. ती जमिनीला धरून डोंगराबिंगराला न जुमानता पुढे जाते. मग काय, टाका मीडियम वेव्ह! टाकलं. आणि डब्यात असा खर्रर्र आवाज झाला की समोरची बाई दचकली. लोकलच्या विजेची सगळी खरखर मीडियम वेव्ह इमानेइतबारे पकडते. थोडक्यात, डोंगर आडवा आला तर एफएम जातं आणि गाडीत बसलं तर मीडियम वेव्ह. आमच्या पट्ट्याचं नशीबच तसं.

आपल्यापैकी ज्यांनी २००५-०६च्या सुमारास फास्ट लोकलने अपडाऊन केलंय त्यांना पारसिकचा बोगदा आठवत असेल. १९१६चा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. फोनवर एफएम लावलंय, अंतरा रंगात आलाय, आणि धप्प, बोगदा! बाहेर येईपर्यंत गाणं संपून जाहिरात सुरू. ती मजाही आता गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल बोगदा सोडून कळवा-मुंब्य्राच्या बाजूने जायला लागल्या.

पण त्याच्याही आधी गेलं ते फोनमधलं एफएम. जुन्या फोनला इयरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागायचा नाही, आठवतंय? इयरफोनची वायर हीच त्याची एरियल होती. मग फोन स्लिम झाले, इयरफोनचं भोक बुजलं, कानात वायर नसलेली बोंडं आली, आणि रेडिओची एरियलच कापली गेली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधलं एफएम चालू ठेवा, बंद करू नका, असं कळवलं. तोवर डब्यातले सगळे आपापल्या प्लेलिस्टमध्ये शिरले होते. जुनी गाणी ऐकणारा तरुण श्रोता रेडिओने गमावला तो आवडनिवड बदलली म्हणून, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, अर्धं काम त्या बुजलेल्या भोकाने केलं.

कारण जुनी गाणी नकोत असं आपण कधी म्हटलंय? खात्री नसेल तर दिवाळीत पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडला या. गणेश मंदिरापासून जी तोबा गर्दी असते तिचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास असावं. सिल्कचे कुर्ते, नऊवाऱ्या, गॉगल, सेल्फी. आणि आजूबाजूला दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत काय गातात? तीच भावगीतं, तीच नाट्यगीतं, जी आजोबांच्या पिशवीत वाजत होती. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही याच गावाने १९९९ मध्ये सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. जुन्याला नवा ड्रेस घालून रस्त्यावर आणायचा फंडा डोंबिवलीकरांना कुणी शिकवायला नको.

टिळकनगरात माझी मावशी राहते. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर रेडिओ आहे आणि तो सकाळी सहाला सुरू होतो. काकांनी सुरू केलेली सवय, काका गेल्यावरही तिने मोडली नाही. हॉलच्या शोकेसमध्ये मात्र एक सुंदर 'कारवाँ' बसलाय. पुण्याच्या मुलाने वाढदिवसाला दिलेला. सारेगामाने २०१७ मध्ये हे यंत्र काढलं. दिसायला जुन्या रेडिओसारखं, आत पाच हजार गाणी भरलेली, जाहिरात नाही, नेट नको. आईवडिलांना गिफ्ट म्हणून ते तुफान खपलं. जुन्या गाण्यांना बाजार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली, आणि जुन्या गाण्यांच्या स्टेशनांचीही पंचाईत केली.

"मग हा का नाही लावत?" मी विचारलं.

मावशी पोळी लाटत म्हणाली, "त्यात काय ऐकायचं ते माझं मीच ठरवायचं गं. एवढ्या गाण्यांत मी काय ठरवू? आणि मध्ये कुणी बोलतच नाही. रेडिओवर कसं, तो माणूस आपल्याशी बोलतो, आत्ता किती वाजले सांगतो. घरात कुणीतरी आहेसं वाटतं."

मी ऑफिससाठी रिसर्च करते तेव्हा याला 'क्युरेशन' वगैरे भारी शब्द वापरते. मावशीने कणकेच्या हाताने सांगितलं. तिला गाणी पाहिजेतच, पण ती लावणारं दुसरं कुणीतरी पाहिजे. आपण जे लावलं नसतं ते गाणं अचानक लागतं आणि हात थांबतो, हा प्रकार आपल्या प्लेलिस्टमध्ये होत नाही. आपली प्लेलिस्ट आपल्याला आधीच आवडलेलं तेच तेच वाढते. बुफेमध्ये रोज पनीर, असं काहीसं.

आता म्हणाल, मग खासगी रेट्रो स्टेशनं का नाही धो धो चालली? प्रयत्न झाले. २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएमची झुंबड उडाली तेव्हा परवान्याची फी ठरलेली होती आणि ती दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. चालो न चालो, पैसे भरा. त्या जमान्यात जुन्या गाण्यांचा जुगार कोण खेळणार? २००५च्या धोरणाने फी उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आणली, तेव्हा जरा श्वास मिळाला. गाण्यांच्या रॉयल्टीचं भांडण २०१०पर्यंत चाललं. तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे, रात्री दोनला कुणी ऐकत नसलं तरी. त्या ऑगस्टमध्ये कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर दिला. मग २०१३च्या सुमारास बिग एफएमवर अन्नू कपूर 'सुहाना सफर' घेऊन आले, आणि २०१६ला ९१.९वर 'रेडिओ नशा' खास रेट्रोचं स्टेशन म्हणून आलं. रिक्षांमध्ये, सलूनमध्ये, किराणा दुकानांत ही मस्त वाजायची. अन्नू कपूरचे किस्से सांगून डोंबिवलीच्या एका रिक्षावाल्या दादांनी मला एकदा स्टेशन ते एमआयडीसी हसवत नेलंय.

अडचण जाहिरातीची. दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने वेळ विकायची आणि जाहिरातदाराला हवा असतो पंचविशीतला ग्राहक, म्हणजे आपण. मावशीच्या फ्रिजवरचा रेडिओ त्याच्या हिशेबात येत नाही. त्यामुळे होतं काय, रेट्रोची व्याख्या दरवर्षी पुढे सरकते. आधी पन्नास-साठचं दशक गेलं, मग सत्तर-ऐंशी आलं, मग नव्वद. मी आमच्या एका ज्युनियरला विचारलं, तर त्याच्या मते जुनं गाणं म्हणजे १९९८चं! तसं बघितलं तर त्याचं चूक नाही, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. पण सैगल, गीता दत्त, तलत या मंडळींना या शर्यतीत जागाच नाही. बिग एफएमने २०१९ मध्ये नवं रूप घेतलं, २०२३ मध्ये त्यांची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढच्या वर्षी नव्या मालकाकडे गेली. एकट्या रेट्रोच्या माथी हे मारता येणार नाही, रेडिओचा सगळा धंदाच ढेपाळलाय. पण अशा वेळी पहिली कात्री कशाला लागते हे सांगायला नको.

विविध भारतीला हे जाहिरातीचं भूत तेवढं छळत नाही. सकाळी 'भूले बिसरे गीत', रात्री दहाला 'छायागीत', निवेदक घाई करत नाहीत, गीतकार-संगीतकारांची नावं नीट सांगतात. मला ती आवडते. पण तिचाही एक वैताग आहे. खासगी स्टेशनं एफएमवर धुमाकूळ घालत होती तेव्हा मुंबईच्या श्रोत्याला ती मीडियम वेव्हवरच शोधावी लागायची. एफएमवर ती फार उशिरा आली. एक अख्खी पिढी, म्हणजे तुम्ही-आम्ही, तोवर हातची गेली होती. २०२४च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेले तेव्हा माझ्या फोनवर प्रत्येकाचं स्टेटस त्यांच्या आवाजाचं होतं. त्यातल्या किती जणांनी त्या आठवड्यात रेडिओ लावला असेल?

कल्याणला पोचेपर्यंत दुपार उलटली. शिवाजी चौकाच्या पुढे बाजाराच्या गल्लीत एक रेडिओ रिपेअरवाले आहेत. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मागे छतापर्यंत मेलेले सेट. माझ्या ट्रान्झिस्टरचा आवाज मुंब्य्रानंतर खरखरायला लागला होता, म्हणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चाक दोनदा फिरवलं. "व्हॉल्यूम कंट्रोल साफ करावा लागेल. गँग चांगला आहे. दोराही शाबूत आहे." गँग म्हणजे काट्याबरोबर फिरणारा तो कंडेन्सर आणि दोरा म्हणजे काटा ओढणारा धागा. हे दोन्ही आता नवीन मिळत नाहीत, ते मेलेल्या सेटमधून काढतात.

गिऱ्हाईक कोण? साठीच्या पुढचे. मुरबाड, शहापूरकडूनही येतात. सगळ्यांची मागणी एकच, बटणाचा नको, चाकाचा द्या. "पण हल्ली एक वेगळीच तऱ्हा आहे, मॅडम," ते म्हणाले. "सेट घेऊन येतात, बिघडलाय म्हणतात. मी उघडतो, तपासतो, काही झालेलं नसतं. इथे लावला की वाजतो. घरी नेला की खरखर. पुन्हा घेऊन येतात."

मग त्यांनी कारण सांगितलं. घराघरात एलईडीचे दिवे आले, मोबाइलचे चार्जर आले, इन्व्हर्टर आले. या सगळ्यांच्या आतल्या सर्किटचा कलकलाट मीडियम वेव्हवर पसरतो. शिवाय आकाशवाणीनेही देशभर जुने मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करत आणलेत, त्यामुळे काही काट्यांवर नुसतीच शांतता. म्हाताऱ्या माणसाला वाटतं सेट गेला. "आता दुरुस्त काय करू? मी पैसे घेत नाही. सांगतो, रात्री दिवे घालवून, गॅलरीत बसून ऐका."

त्यांनी साफ केलेला ट्रान्झिस्टर चालू केला. मीडियम वेव्हवर एक मराठी भावगीत लागलं होतं, पण मागे घूंऽऽ असा आवाज. मी म्हटलं, अजून खरखरतोय की. त्यांनी काही न बोलता हात वर करून टेबलावरचा एलईडीचा दिवा बंद केला, मग मोबाइलचा चार्जर प्लगमधून उपसला. घूं थांबलं. गल्लीत उजेड कमीच होता. बाईचा आवाज स्वच्छ आला, मागचा तबलासुद्धा. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला पोरगा बाहेर येऊन उभा राहिला, वीस-एकवीसचा असेल. गाणं कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. संपेपर्यंत उभा होता. मग त्याने विचारलं, "काका, हा किती नंबरला लागतो?"

काकांनी त्याला काटा दाखवला. माझ्याकडून साठ रुपये घेतले आणि दिवा परत लावला.